टार्गेट पिस्तुलावर रेड डॉट: आधी माउंट, मग साइट

रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा साइटभोवती फिरते. ठिपका किती एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), बॅटरी किती चालते, काच कुणाची. माउंट म्हणजे चार स्क्रूंची पट्टी, कुठलीही चालेल, असा सर्वसाधारण समज असतो. पण पन्नास यार्डांवर ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागला की दोष शोधत शोधत माणूस बहुतेक वेळा त्या पट्टीपाशीच येऊन पोचतो. म्हणून .२२च्या पिस्तुलावर डॉट चढवताना मी माउंट आधी ठरवलं आणि साइट त्याला साजेशी घेतली. ती निवड आणि बसवणी कारणांसकट लिहितो आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या बुल्सआय नेमबाजीसाठी. नियमपुस्तकात तिचं नाव प्रिसिजन पिस्तूल. उभं राहून, एका हाताने, ५० आणि २५ यार्डांवर. पूर्ण सामना २७०० गुणांचा: .२२, सेंटरफायर आणि .४५ या तीन पिस्तुलांच्या प्रत्येकी ९० गोळ्या. सावकाश फेरीत १० गोळ्यांना १० मिनिटं, टाइम्ड फायरला ५ गोळ्यांना २० सेकंद, रॅपिडला तेवढ्याच गोळ्यांना १० सेकंद. दहाचं वर्तुळ दोन्ही अंतरांवर ३.३६ इंचांचं आणि त्यातलं एक्सचं वर्तुळ जेमतेम १.७ इंचांचं. या आकड्यांवरच पुढचा सगळा हिशोब बेतलेला आहे.

महाराष्ट्रातल्या नेमबाजांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइट (मागे खाच, पुढे दांडा) चालतात. भिंग, आरसा, लेझर, इलेक्ट्रॉनिक साइट यांपैकी काहीही चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण घेतलं ते अशाच उघड्या साइटवर. बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल किंवा २५ मीटर पिस्तूल खेळणाऱ्याने यात पैसे घालू नयेत. बुल्सआयमध्येही काही सामने फक्त उघड्या साइटचे असतात, तेव्हा खरेदीआधी आपल्या सामन्याचे नियम वाचावेत.

माउंट निवडताना पहिला प्रश्न: साइट पिस्तुलाच्या कुठल्या भागावर बसणार? गोळी नळीतून जाते, आपण नेम ठिपक्याने धरतो. या दोघांच्या मध्ये जितके सांधे, तितक्या चुका. प्रत्येक गोळीनंतर सुटून पुन्हा जुळणारा सांधा मध्ये असेल तर तो दर वेळी केसभर वेगळा बसतो. म्हणून साइट शक्यतो नळीवर किंवा नळीशी कायमच्या जोडलेल्या तुकड्यावर हवी.

रुगर मार्क ४ टार्गेटमध्ये हा प्रश्न फुकटात सुटतो. नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या नळकांड्यासारख्या वरच्या भागात, घट्ट बसवलेली असते, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) रिसीव्हरच्या पोटात मागेपुढे होतो, बाहेरून काहीच हलत नाही. वरच्या अंगाला कारखान्यातूनच भोकं पाडून आटे दिलेले असतात. साफसफाईसाठी वरचा भाग फ्रेमपासून सुटा केला तरी साइट आणि नळी एकत्रच राहतात, झीरो, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळणी, ढळत नाही. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ४१मध्ये स्लाईड (दर गोळीला मागेपुढे सरकणारा भाग) हलते, पण मूळची मागची साइटसुद्धा नळीच्या मागे आलेल्या पट्टीवर असते. डॉटही तिथेच, नळीवर बसतो, म्हणून ते पिस्तूल या कामाला उत्तम. ब्राउनिंग बक मार्कची तऱ्हा वेगळी. वरची पट्टी पुढे नळीला आणि मागे फ्रेमला एकेका स्क्रूने धरलेली, आणि स्लाईड काढायची तर ती पट्टी सोडावीच लागते. म्हणजे प्रत्येक खोल सफाईनंतर झीरो तपासणं आलं, आणि त्या दोन स्क्रूंवर कायम नजर ठेवणंही. १९११ जातीचं .४५ हा सगळ्यात अवघड मामला, त्याकडे शेवटी येतो.

माझ्यासमोर रुगर होतं, त्यामुळे निवड तीन वाटांची होती.

पहिली वाट सगळ्यात जुनी: रिसीव्हरवर रेल (आडव्या खाचांची धातूची पट्टी), तिच्यावर दोन रिंग, रिंगांत ३० मिलिमीटरची ट्यूब. अल्ट्राडॉटचा मॅचडॉट हे बुल्सआयच्या फायरिंग लाइनवर हमखास दिसणारं नमुनेदार उदाहरण. त्यात ठिपका २, ४, ६, ८ एमओएमध्ये बदलता येतो. रेल, रिंगा आणि ट्यूब मिळून साधारण २०० ग्रॅम भरतात. दुसरी वाट: तीच रेल, पण वर एमपॉइंट मायक्रोसारखी आखूड ट्यूब. माउंट धरून १०० ग्रॅमच्या आसपास. तिसरी वाट: व्हॉर्टेक्स व्हेनम किंवा बरिस फास्टफायरसारखी उघडी छोटी काच, रेलवर किंवा मागच्या साइटच्या खाचेत बसणाऱ्या प्लेटवर. हे सगळ्यात हलकं आणि सगळ्यात बुटकं.

तिसरी वाट दिसायला मोहक आहे आणि बंदिस्त रेंजवर चांगली चालते. माझा आक्षेप दोन गोष्टींवर. अशा उघड्या काचेच्या डॉटमध्ये दिवा मागच्या बाजूला उघडा असतो आणि त्याचा उजेड पुढच्या काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो. दिव्यावर पावसाचा एक थेंब किंवा जळालेल्या दारूचा कण पडला की ठिपक्याचा डाग होतो. मोकळ्या मैदानात सकाळचं ऊन मागून आलं तर काच धुवून निघते आणि ठिपका शोधावा लागतो. दुसरं, खाचेतली प्लेट रिसीव्हरच्या अगदी मागे बसते. रुगरचा बोल्ट ओढायचे कान तिथेच, दोन्ही बाजूंना असतात. कान बोटांत येतात, पण चिमटीला वरून जागा उरत नाही, आणि रॅपिडच्या फेरीत पुंगळी अडकली की ती अडचण जाणवते. शिवाय खाचेतली पकड आखूड असते. एका आडव्या दातावर सगळा भार.

बॅटरीची जागाही माउंटच्या निवडीत धरावी. वरून किंवा बाजूने बॅटरी निघणारी साइट असेल तर माउंटला हात लावावा लागत नाही. ट्रिजिकॉन आरएमआरच्या मूळ घडणीत बॅटरी खालून बसते, म्हणजे बॅटरी बदलायला साइट उतरवा, परत चढवा, झीरो तपासा. टार्गेट पिस्तुलावर हा उपद्व्याप कशाला?

वजनाचा निर्णय कागदावर होत नाही, हातात धरूनच होतो. त्यासाठी साइट विकत घ्यायची गरज नाही. अमेरिकन बँकेत निकेलची वळकटी मिळते: ४० नाणी, एकेक नेमकं ५ ग्रॅमचं, म्हणजे बरोबर २०० ग्रॅम. लांबी साधारण ८ सेंटिमीटर. ट्यूब-रिंग-रेल या जोडणीच्या वजनाला आणि आकाराला ती जवळजवळ तंतोतंत जुळते. रिकाम्या पिस्तुलाच्या रिसीव्हरवर ती वळकटी टेपने बांधायची आणि घरात कोऱ्या भिंतीकडे रोखून वीस-वीस सेकंद हात धरायचा. मग तीच पुढे नळीवर सरकवून पुन्हा. अर्धी नाणी काढली की मायक्रोचं वजन. पुढचं वजन पिस्तुलाचं तोंड शांत ठेवतं, पण ९० गोळ्यांच्या शेवटी खांदा ते वसूल करतो. मागचं वजन हलकं वाटतं, तोंड मात्र चुळबुळ करत राहतं. माझ्या हाताला २०० ग्रॅम रिसीव्हरच्या मध्यावर चाललं. रुगर मुळात मॉडेलप्रमाणे किलोच्या आसपासचं, त्यात ही भर सोसण्याजोगी आहे. मनगट बारीक असलेल्यांनी किंवा नव्याने एका हाताने मारायला लागलेल्यांनी मायक्रोचाच विचार करावा.

उंचीबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून आकडे देतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटी .२२ची गोळी साडेपाच इंची नळीतून साधारण ९०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते असं धरा. नळीच्या रेषेपासून ती २५ यार्डांवर सुमारे १.४ इंच आणि ५० यार्डांवर सुमारे ५.७ इंच खाली येते. ५० यार्डांवर झीरो केलं आणि साइटचा मध्य नळीच्या मध्यापासून दीड इंच वर असेल, तर २५ यार्डांवर गोळी सुमारे ०.७ इंच वर लागते. साइट एक इंचावर असेल तर जवळपास एक इंच वर, दोन इंचांवर असेल तर अर्ध्या इंचाहून थोडं कमी. म्हणजे उंच साइटमुळे दोन अंतरांमधला फरक उलट कमी होतो. पिस्तूल तिरपं धरलं तर उंच साइट जास्त चुकवते असंही सांगितलं जातं. ज्या अंतरावर झीरो आहे तिथे ती चूक गोळीच्या घसरणीवर अवलंबून असते. ५ अंशांच्या कलाने ५० यार्डांवर सुमारे अर्धा इंच, साइट कितीही उंच असली तरी.

तरीही माउंट बुटकंच घ्यावं, पण कारण वेगळं. उघड्या साइटवर तयार झालेलं मनगट विशिष्ट कोनात उचललं जातं. डॉट त्या रेषेच्या जवळ असला तर पिस्तूल वर येताच ठिपका काचेत दिसतो. उंच असला तर प्रत्येक वेळी तोंड थोडं खाली दाबावं लागतं, आणि १० सेकंदांच्या फेरीत पहिली गोळी तिथेच उशिरा जाते. म्हणून ट्यूब मागच्या साइटला घासणार नाही एवढीच कमी उंचीची रिंग घ्यायची. अडचण आली तर मागची साइट पूर्ण खाली घ्यायची, तरीही भागलं नाही तर पितळी पंचाने खाचेतून काढून डबीत ठेवायची.

ठिपक्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. १ एमओए म्हणजे ५० यार्डांवर साधारण ०.५२ इंच. ४ एमओएचा ठिपका तिथे दोन इंचांचा, दहाच्या वर्तुळात आरामात मावणारा. ८चा ठिपका चार इंचांहून मोठा, दहाचं वर्तुळ झाकून टाकतो. काहींना तेच आवडतं, कारण हाताची थरथर कमी दिसते. थरथर तेवढीच असते, फक्त दिसत नाही. ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेला दिसत असेल तर साइट परत करण्याआधी कागदाला बारीक भोक पाडून त्यातून पाहावं. भोकातून गोल दिसला तर दोष डोळ्यातल्या अस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे बुबुळाच्या असमान वक्रतेचा, आहे.

आता रेल. वीव्हर आणि पिकाटिनी या दोन्ही रेली वरवर सारख्या दिसतात, पण वीव्हरची खाच ०.१८० इंच रुंद आणि खाचांमधलं अंतर ठरलेलं नाही. पिकाटिनीची खाच ०.२०६ इंच आणि अंतर एकसारखं, सुमारे १० मिलिमीटर. वीव्हरच्या मापाची रिंग पिकाटिनीवर बसते, पण खाचेत पाव इंचाच्या दहाव्या भागाएवढा खेळ राहतो. उलटं बहुधा बसतच नाही. मी पिकाटिनी घेतली, कारण रिंगा पुढेमागे सरकवायला जागा जास्त मिळते.

बसवणीआधी मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, टेबलवर काडतूस नाही. मार्क ४ उघडताना हॅमर चढलेला आणि सेफ्टी लावलेली असावी लागते. मग फ्रेमच्या मागचं बटण दाबलं की वरचा भाग उचलला जातो. बोल्ट काढून बाजूला ठेवायचा. भोकांत कारखान्याचे बुजवणीचे छोटे स्क्रू असतात. त्यांची चीर अरुंद असते, तेव्हा बरोबर मापाचा बिटच लावावा. सैल पेचकसाने चीर एकदा चिरडली की ड्रिल लावण्याची पाळी येते.

भोकं, स्क्रू आणि रेलचा तळ ॲसिटोनने पुसायचा. तेलाचा अंश राहिला तर थ्रेडलॉकर धरत नाही. रेल कोरडीच ठेवून फक्त पुढचा स्क्रू हलका आवळायचा आणि मागच्या टोकाखाली फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी घालून पाहायची. ती शिरत असेल तर रेल आणि रिसीव्हरची गोलाई जुळत नाही. अशा वेळी मागचा स्क्रू जोराने आवळला की रेल वाकून बसते. वरून सगळं ठीक दिसतं, पण वाकलेला धातू सतत सरळ व्हायला बघतो आणि स्क्रू ढिले होत राहतात. त्यावर इलाज म्हणजे दुसरी रेल, किंवा रिसीव्हरला रिलीझ एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावून रेलखाली इपॉक्सीचा पातळ थर देऊन ती बसवणं. जोर लावून बसवणं हा इलाज नव्हे.

मग स्क्रूची लांबी. प्रत्येक स्क्रू रेलमधून घालून किती आटे धरतात ते मोजायचे; चारपेक्षा कमी असतील तर तो स्क्रू मी वापरत नाही. जास्त लांब स्क्रू त्याहून वाईट. आरपार भोकात तो रिसीव्हरच्या पोटात डोकावतो आणि बोल्टला घासतो. म्हणून सगळे स्क्रू कोरडे आवळून बोल्ट हाताने सावकाश सरकवायचा. कुठेही खरखर लागली किंवा बोल्टच्या पाठीवर चमकदार रेघ उमटली की स्क्रूचं टोक कानशीने घासायचं. मॉडेल ४१सारख्या नळीवरच्या बंद भोकात लांब स्क्रू तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण रेल धरलेलीच नसते, आणि चेंबरच्या वर असा स्क्रू रेटणं नळीच्या मुळावर येतं.

लांबी जमली की स्क्रू परत काढून आट्यांवर थ्रेडलॉकरचा एकेक थेंब. जांभळा २२२ छोट्या स्क्रूंसाठी बनवलेला, निळा २४२ही चालतो. लाल हाताळूच नये. तो सोडवायला धातू इतका तापवावा लागतो की रिसीव्हरचा रंग आणि आपली झोप दोन्ही उडतात. टॉर्कचा आकडा माउंटच्या कागदावर असतो तोच धरावा. नसेल तर या मापाच्या स्क्रूंना १५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.७ न्यूटन-मीटर, बस्स होतात. ॲलन कीचा आखूड पाय धरून दोन बोटांनी येईल तेवढा जोर साधारण त्याच घरात येतो, पण टॉर्क ड्रायव्हर असेल तर अंदाजपंचे कशाला? एकेक स्क्रू आलटून पालटून, तीन टप्प्यांत. मग पिस्तूल रात्रभर ठेवून द्यायचं. थ्रेडलॉकर अर्ध्या तासात धरतो, पूर्ण सुकायला २४ तास लागतात.

रिंगांचे आडवे बोल्ट खाचेत बसवताना नट डाव्या बाजूला ठेवले. उजवीकडून पुंगळ्या उडतात; तिकडे नट असला की त्यावर आपटून एखादी पुंगळी परत पोर्टात, म्हणजे ती बाहेर पडते त्या खिडकीत, येते. नट आवळण्याआधी रिंग पुढे, नळीच्या तोंडाच्या दिशेने दाबायची आणि दाबलेलीच ठेवून आवळायची. धक्क्याने पिस्तूल मागे जातं, साइट जडत्वाने जागेवर राहू पाहते, म्हणजे पिस्तुलाच्या हिशोबाने ती पुढे सरकते. ती आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही. पिकाटिनीवर वीव्हरच्या रिंगा वापरणाऱ्याने तर हे विसरूच नये.

ट्यूब रिंगांत ठेवून, वरच्या टोप्या सैल असतानाच ती हाताने फिरवून पाहायची. एका रिंगमध्ये सहज फिरते आणि दुसरीत अडते, असं झालं तर रिंगा एका रेषेत नाहीत. जागा बदलून पाहायच्या. उभं ॲडजस्टमेंट खरोखर उभं येईल अशी ट्यूब फिरवून लावायची. गोल ठिपक्याला वर-खाली नसतं, म्हणून याकडे दुर्लक्ष होतं, पण ट्यूब तिरपी बसली तर वरचे क्लिक दिले की गोळी तिरपी सरकते आणि झीरो करताना डोकं फिरतं. बॅटरीच्या कप्प्यावर किंवा बटणांच्या कड्यावर रिंग येऊ देऊ नये. टोप्यांचे स्क्रू कर्णावर कर्ण आवळायचे आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राखायची. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी रंगाची बारीक रेघ मारायची. पुढे कधीही शंका आली तर ती रेघ तुटली आहे का, एवढंच बघायचं.

पहिली गोळी मारायच्या आधीच बरंचसं झीरो होऊ शकतं. बोल्ट काढलेला वरचा भाग वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवला की रिसीव्हरच्या मागून नळीतून आरपार दिसतं. २५ यार्डांवरच्या टार्गेटचं काळं वर्तुळ नळीच्या गोलात बरोबर मध्ये आणायचं आणि काही न हलवता ठिपका त्याच काळ्यावर येईपर्यंत क्लिक फिरवायचे. तेवढ्यात पॅरॅलॅक्सही तपासून घ्यावा: डोकं थोडं इकडेतिकडे, वरखाली हलवायचं, ठिपका काचेत फिरेल, पण काळ्यावरून किती सरकतो ते बघायचं. २५ यार्डांवर तो दहाच्या बाहेर जात असेल तर मारताना ठिपका काचेच्या मध्यावर ठेवण्याची सवय लावावीच लागेल.

मग पिशव्यांवरून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, आधी २५ यार्डांवर. अर्ध्या एमओएचा क्लिक तिथे सुमारे १/८ इंच सरकवतो, ५० यार्डांवर १/४ इंच. एका गोळीवर विश्वास ठेवून क्लिक फिरवू नये. ग्रुपच्या मध्याचं अंतर मोजायचं. ५०चं झीरो पक्कं झाल्यावर २५साठी किती क्लिक खाली यायचं ते एकदा मारून ठरवायचं. दीड इंच उंचीला हिशोबाने पाचच्या आसपास येतात. तो आकडा कागदावर लिहून पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणात चिकटवायचा.

क्लिक संपत आले तर? बाजूचं ॲडजस्टमेंट एका टोकाला गेलं की आतल्या स्प्रिंगला ताण उरत नाही आणि झीरो भटकतं. प्रथम रेल उलटी फिरवून पाहावी, बसत असेल तर. उंचीत कमी पडत असेल तर रेलच्या एका टोकाखाली पातळ पत्रा: स्क्रूंमधलं अंतर ३ इंच असेल तर एक हजारांश इंच जाडीमागे ५० यार्डांवर सुमारे ०.६ इंच फरक पडतो. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण चार हजारांश इंच, म्हणजे जवळपास अडीच इंच. याहून जास्त लागत असेल तर पत्र्यांची चळत रचू नका, रेलच चुकीची आहे.

बिघाड कसा ओळखायचा? एकाच ग्रुपचे दोन वेगळे पुंजके पडले तर साइट दोन जागांमध्ये डुलते आहे. आधी रिंगांचे आडवे बोल्ट बघा. ग्रुप गोळीगणिक एकाच दिशेने चालत गेला तर स्क्रू सुटतो आहे. ग्रुप गोलच राहून मोठा झाला तर माउंटला दोष देण्याआधी काडतुसांचा लॉट बदलून पाहा; .२२ याबाबतीत फार लहरी असते. ठिपका धक्क्यागणिक लुकलुकला तर बॅटरीच्या टोपीचा संपर्क. आणि काचेवरची काजळी पुसताना कोरडं फडकं नको. काजळीत शिशाचे कण असतात, ते काचेवर घासले जातात. आधी फुंकणीने उडवा, मग लेन्सच्या द्रवाने पुसा आणि नंतर हात धुवा.

राहिलं .४५, म्हणजे १९११. इथे नळीवर थेट काही बसवता येत नाही. दोनच पर्याय: फ्रेमच्या डाव्या बाजूला भोकं पाडून स्लाईडच्या वरून येणारं ब्रॅकेट, किंवा स्लाईडवरच. ब्रॅकेटवर साइटला धक्का कमी बसतो, बॅटरी आणि वायरी सुखी राहतात, स्लाईडचं वजन तेवढंच राहतं. पण नळी आणि साइट यांच्यामध्ये दोन सांधे येतात: नळी स्लाईडमध्ये कशी कुलूपबंद होते तो एक, आणि स्लाईड फ्रेमच्या रुळांवर कशी बसते तो दुसरा. रुळांत खेळ असेल तर प्रत्येक गोळीला ठिपका खरा आणि नळी दुसरीकडे. नवं घट्ट पिस्तूल हे काही काळ झाकतं, मग झीज सुरू होते. स्लाईडवर साइट असली की फक्त नळी-स्लाईडचा सांधा उरतो, आणि बुल्सआयचा गनस्मिथ नेमका तोच सांधा घट्ट करून देतो. म्हणून ५० यार्डांसाठी मी स्लाईडच्या बाजूने.

त्याची किंमत मोजावी लागते. साइट दर गोळीला दोनदा आपटते, एकदा मागे, एकदा पुढे. तेव्हा हलकी आणि दणकट मायक्रो हवी. शंभर ग्रॅम जास्त घेऊन स्लाईड हळू पळते, आणि टार्गेटच्या मवाळ काडतुसांत तेवढा जोर नसतो. मूळ १६ पाउंडांची रिकॉइल स्प्रिंग ठेवली तर पुंगळी पोर्टात उभी अडकते. अशा जोडणीला सहसा १० ते १२ पाउंडांची स्प्रिंग लागते. एकेक पाउंड उतरत जायचं: पुंगळ्या पायाशी पडत असतील तर स्प्रिंग अजून जड आहे, दूर भिरकावल्या जात असतील आणि फ्रेमवर ठण आवाज येत असेल तर फार हलकी झाली. स्लाईड पुढे जाऊन नळी पूर्ण बंद होते ना, हेही पाहायचं, कारण हलक्या स्प्रिंगला मळकं चेंबर झेपत नाही. आणि स्लाईड ओढताना ट्यूब धरून ओढायची नाही, मागच्या खाचांनाच पकडायचं. सोयीस्कर मूठ म्हणून साइट वापरली तर आठवडाभर जपून केलेलं झीरो पहिल्याच फेरीत जातं.